लाळेचा अभ्यास

बी.ए. मराठी, आणि त्यानंतर पाथर्डीत झेरॉक्स नि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. एवढ्या भांडवलावर कुणी लाळग्रंथींचं संशोधन वाचायला बसलं तर लोक हसतील, आणि हसावंच. पहिला शोधनिबंध छापून काढला तेव्हा त्यातले आकडे तेवढे मला कळले. आकड्यांच्या मधलं सगळं डोक्यावरून गेलं.

कारण तात्या. माझे चुलते. जन्मभर एस.टी. चालवली, करंजीचा घाट रात्री-अपरात्री उतरवला, आणि गालात तंबाखूचा बार कायमचा. निवृत्तीनंतर जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. जनआरोग्य योजनेचे कागद मीच जुळवले. मुंबईत सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, त्यांनी शेक घेतला. आमच्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात. गाठ गेली. तपासणीला गेलं की डॉक्टर खूश होतात. तात्या मात्र खूश नाहीत, कारण त्यांच्या तोंडातलं पाणी आटलंय. बाजरीची भाकरी घोटभर पाण्याशिवाय खाली उतरत नाही. काकू ती आमटीत कुस्करून देते, नाहीतर रस्सेदार शेंगोळे करते. उशाशी तांब्या असतो. बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते नि शब्द अर्धाच राहतो.

“पोरी, तुझ्या त्या कम्प्युटरात बघ की, लाळ परत आणायचं काय निघालंय का,” ते एकदा म्हणाले. मी “बघते, तात्या” म्हटलं, आणि अडकले.

सुरुवात मुंबईच्या निबंधापासून केली, म्हटलं आपल्याकडचा आहे, कळेल. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या तेजपाल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2012 साली छापलेला. 60 रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. 28 जणांना ‘थ्री-डी सी.आर.टी.’, 32 जणांना ‘आय.एम.आर.टी.’. पुढे ‘ग्रेड दोन किंवा अधिक’, मग ‘ग्रे’. ग्रेड आणि ग्रे हे एकच की वेगळं, इथपासून माझी तयारी. शेवटी निबंध गल्ल्याखाली ठेवला आणि ठरवलं, आधी लाळ येते कुठून तेवढं तरी समजून घ्यावं.

तालुक्यातल्या एका दंतवैद्य मॅडमचे फॉर्म मी भरते. त्यांना विचारलं तर त्यांनी माझाच हात माझ्या कानाखाली ठेवला. “इथे पॅरोटिड. दोन्ही बाजूंना एकेक. जबड्याखाली दोन, जिभेखाली दोन. या सहा मोठ्या. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आत सहाशे ते हजार बारक्या.” सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ करतात. त्यात नव्याण्णव टक्के पाणी. उरलेल्या एका टक्क्यात पिठूळ पदार्थ फोडणारं अमायलेज, जंतूंना आवरणारी प्रथिनं, आम्ल मारणारं बायकार्बोनेट, दातांची झीज भरून काढणारं कॅल्शियम नि फॉस्फेट. भाकरीचा घास सावकाश चावला की गोडसर का लागतो, ते शाळेत आयोडीनच्या प्रयोगात शिकवलं होतं म्हणे. मला फक्त निळा रंग आठवत होता.

वाचताना एक माणूस भेटला, त्यानं मला धीर दिला. नील्स स्टेन्सन, डेन्मार्कचा. 1660 साली तो अॅम्स्टरडॅमला शिकायला आला होता, वय 22. मेंढीच्या मुंडीचं विच्छेदन करताना त्याची सळई एका नळीत शिरली आणि पुढे दातांवर टक्क वाजली. पॅरोटिड ग्रंथीतून लाळ तोंडात आणणारी नळी ती हीच; आजही तिला त्याचंच नाव आहे. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी लंडनच्या थॉमस व्हॉर्टननं चारच वर्षं आधी दाखवली होती. ज्याच्याकडे स्टेन्सन शिकत होता त्या गुरूनं हा शोध आपलाच म्हणून मोठं भांडण केलं. म्हणजे विद्यार्थीदशेत, परक्या गावात, बाजारातल्या मुंडीवर एवढा शोध लागू शकतो. मुंड्या काय, पाथर्डीतही मिळतात.

मटणाच्या दुकानात जाऊन मी विचारलं, “दादा, कानाखालची लाळेची गाठ दाखवता का?” त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा मागे उभ्या गिऱ्हाइकांकडे बघितलं. मग काही न बोलता कातडीखालचा फिकट, खडबडीत गोळा सुरीच्या टोकानं उचलून दाखवला. “ह्यो आम्ही काढून टाकतो. कोण खात न्हाई.” नळी काही आम्हाला सापडली नाही. मात्र त्या दिवसापासून कागदावरच्या शब्दांना बसायला जागा दिसू लागली.

मग आतलं काम. मला वाटायचं लाळ म्हणजे कपडा पिळावा तशी ग्रंथी आवळली की बाहेर येते. तसं नाही. ग्रंथीच्या टोकाशी पेशींचे झुपके असतात. घास तोंडात आला, वास आला, नुसती चिंच आठवली, तरी मज्जातंतू तिथे अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडतात. पेशीत कॅल्शियम वाढतं, क्लोराइडची दारं उघडतात, क्लोराइडमागोमाग सोडियम जातं आणि त्या मिठामागे पाणी ओढलं जातं. पाण्याची वाटही वेगळी, अॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनाची. या प्रथिनांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना 2003 चं नोबेल मिळालं. इथे तयार झालेलं पाणी रक्ताइतकंच खारट असतं. पुढे नळीतून जाताना नळीच्या भिंती त्यातलं बरंचसं मीठ परत घेतात, पण पाणी मात्र आतबाहेर होऊ देत नाहीत. म्हणून तोंडात येते ती लाळ अळणी असते, आणि म्हणूनच आमटीत मीठ चिमूटभर जास्त पडलं तर जिभेला लगेच कळतं. हे वाचून मी दुकानात एकटीच बराच वेळ जीभ फिरवत बसले होते. फोटो काढायला आलेल्या मुलानं विचारलं, “ताई, दात दुखतोय का?”

ग्रेचाही उलगडा झाला. एक किलो मांसात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. डोक्या-मानेच्या कॅन्सरला साधारण 60 ते 70 ग्रे देतात, रोज दोनच्या आसपास. 70 ज्यूलनं एक किलो पाणी एका अंशाच्या साठाव्या भागाइतकंच तापतं. म्हणजे भाजतं असं काही नाही. किरण पेशीतल्या डी.एन.ए.चे धागे तोडतात, आणि जी पेशी भराभर दुभंगते ती आधी मरते. गाठीच्या पेशी तशा असतात.

इथे मी परत गोंधळले. लाळेच्या पेशी तर फारशा दुभंगतच नाहीत, म्हणजे त्या वाचायला हव्यात. पण शेक सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लाळ निम्म्यावर येऊ शकते. मला वाटलं माझ्याच वाचण्यात काही चुकतंय. मॅडम म्हणाल्या, “नाही, हे कोडं संशोधकांनाही पडलंय.” एक म्हणणं असं की सुरुवातीला पेशी मरत नाही, बधिर होते. मज्जातंतूचा निरोप येतो, पण तिचं आवरण दुखावलेलं असल्यानं पाणी सुटत नाही. पुढच्या महिन्यांत जुन्या पेशी गळतात आणि त्यांच्या जागी नव्या उभ्या करणाऱ्या मूळपेशीच मेलेल्या असतात. आपल्याला जे कळत नाही ते मोठ्यांनाही अजून पुरतं कळलेलं नाही, हे समजल्यावर अभ्यासाला जरा उत्साह येतो.

तेवढ्या शिदोरीवर गल्ल्याखालचा निबंध परत काढला. दोन्ही गटांना रोज शेकच दिला होता. फरक किरणांची मांडणी करण्याच्या पद्धतीत. आय.एम.आर.टी.मध्ये प्रत्येक दिशेच्या झोताची तीव्रता ठिकठिकाणी कमी-जास्त करता येते, त्यामुळे गाठीवर पूर्ण मारा ठेवून शेजारची पॅरोटिड बरीचशी वाचवता येते. निकाल असा: जुन्या, म्हणजे थ्री-डी सी.आर.टी.च्या पद्धतीत 28 पैकी 25 जणांना उपचाराच्या काळात लाळेचा मध्यम किंवा त्याहून जास्त, म्हणजेच ‘ग्रेड दोन किंवा अधिक’, त्रास झाला. नव्यात 32 पैकी 19 जणांना. टक्क्यांत 89 आणि 59. गाठ आटोक्यात ठेवण्यात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. नव्या गटातल्या रुग्णांची लाळ काळाबरोबर सुधारतही गेली. इंग्लंडमध्ये 2011 साली छापलेल्या अशाच चाचणीत वर्षभरानंतर कोरड्या तोंडाचं प्रमाण जुन्या पद्धतीत 74 टक्के आणि नव्यात 38 टक्के होतं.

मी हे तात्यांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजी बत्तीसातल्या एकोणीस जणांचं तोंड वाळलंच की.” ड्रायव्हर माणूस, तिकिटांचा हिशोब न करता आकडा पकडतो. खरंच होतं. नवी पद्धत म्हणजे सुटका नव्हे. नुकसान कमी, एवढंच.

मग एक गोष्ट सुचली. तात्यांच्या फायलीचे झेरॉक्स मीच काढले होते, कितीतरी वेळा, विमा म्हणून, योजना म्हणून. पण वाचलं कुणी होतं? शेकाच्या आराखड्याचा एक पानी तक्ता आत होता. उजवी पॅरोटिड, सरासरी 24 ग्रे. डावी, 41. जबड्याखालच्या दोन्ही, साठच्या वर. मॅडमनी समजावलं. पॅरोटिडला सरासरी 25-26 ग्रेच्या आत ठेवलं तर ती पुष्कळशी सावरते, हे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या कामातून 1999 पासून पुढे आलं. आज आराखडा करणारे तेच लक्ष्य ठेवतात. तात्यांची गाठ डावीकडे. त्यामुळे डावी वाचवता आली नाही, उजवी कुणीतरी जपून बाजूला काढली होती.

आणि रात्री उशाशी तांब्या का लागतो, त्याचं उत्तरही त्या तक्त्यात होतं. पॅरोटिड कामाला लागते ती मुख्यतः जेवताना. एरवी, बसल्या-झोपल्या जी थोडी लाळ पाझरते तिचा मोठा भाग जबड्याखालच्या ग्रंथींचा. त्या गेल्या. म्हणून जेवताना थोडी तरी ओल येते, आणि रात्री तांब्या लागतो. शिवाय झोपेत चांगल्या माणसाचीही लाळ जवळजवळ थांबते. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते कानाखाली उजवीकडे बोट ठेवून म्हणाले, “ही व्हय?” आणि तेव्हापासून घास उजव्या बाजूनं चावतात. त्यानं फरक पडतो की नाही मला माहीत नाही. ते म्हणतात पडतो.

मॅडमनी एकदा लाळ मोजलीही. मान खाली घालून पंधरा मिनिटं, न थुंकता, तोंडात जमेल ते प्याल्यात गळू द्यायचं. निरोगी माणसाची स्वस्थ बसल्यावर मिनिटाला 0.3 मिलिलिटरच्या आसपास येते, 0.1 च्या खाली गेली तर ग्रंथींचं बिघडलं असं धरतात. “तंबाखू द्या, वाटीभर काढतो,” तात्या म्हणाले. काकूनं त्यांच्याकडे असं बघितलं की पुढची पंधरा मिनिटं ते खरोखर मान खाली घालून बसले. प्याल्याचा तळ जेमतेम ओला झाला.

आता औषध. तात्यांचा प्रश्न तोच होता आणि त्याचं उत्तर मला मुद्दाम शेवटी द्यावं लागतंय. ब्राझिलच्या जॅबोरांडी झुडपातून काढलेलं पायलोकार्पिन दीडशे वर्षांपासून माहीत आहे. शेकानंतरच्या कोरड्या तोंडासाठी अमेरिकेत त्याला 1994 साली मान्यता मिळाली. ते अॅसिटिलकोलिनचंच काम करतं, पण निरोप घ्यायला पेशी जिवंत हवी. डॉक्टरांनी तात्यांना ते दिलं. तोंड थोडं ओलावलं. बनियन मात्र पिळून काढावं लागलं. घाम, डोळ्यांतलं पाणी, लाळ, स्वादुपिंडाचा पाचकरस, हे सगळं करणाऱ्या ग्रंथी नळीवाटे स्राव बाहेर टाकणाऱ्या, बहिःस्रावी. पोटात घेतलेल्या गोळीला काय ठाऊक, आपल्याला फक्त तोंडात जायचंय. एकच निरोप सगळ्या घरांत पोचतो. दमेकऱ्यांना तर ती जपूनच द्यावी लागते.

याच घराण्याचा दुसरा आजारही वाचनात आला. स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 साली कोरडे डोळे नि कोरडं तोंड असलेल्या 19 स्त्रियांचा अभ्यास मांडला. तिथे शेक नाही, काही नाही. शरीराची संरक्षक फौजच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. या आजाराच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात. निदानासाठी खालच्या ओठाच्या आतल्या बारक्या ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींचे पुंजके मोजतात. डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं, तोंड सुकतं, अशी तक्रार बाया करतात आणि घरचे म्हणतात उन्हाचं असेल. दर वेळी उन्हाचं नसतं. मधुमेह, रक्तदाबाच्या, अॅलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्या, यांनीही तोंड सुकतं.

नव्या शोधांत मला सगळ्यात अचंबा वाटला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या ब्रूस बॉम यांच्या कामाचा. शेकानं पाणी करणारे झुपके गेले तरी नळीच्या पेशी बऱ्याच टिकतात. त्या मुळात पाणी सोडत नाहीत. मग त्यांनाच पाण्याची वाट करून दिली तर? सर्दीचा निकामी केलेला विषाणू घेऊन त्यात अॅक्वापोरिनचं जनुक घातलं आणि ते नळीच्या गालात उघडणाऱ्या तोंडातून आत सोडलं. नळी तीच, स्टेन्सनची. 2012 साली 11 रुग्णांवरचा निकाल आला. त्यांतल्या काहींची लाळ वाढली आणि बरंही वाटलं. पुढच्या चाचण्या दुसऱ्या विषाणूवर चालू आहेत. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की पॅरोटिडच्या मूळपेशी तिच्या मोठ्या नळ्यांजवळ दाटून असतात. तेवढाच भाग वाचवला तर? कल्पना सुंदर होती. 2022 साली 102 रुग्णांवरच्या चाचणीत मात्र ठळक फरक दिसला नाही. त्याच देशात 2020 साली प्रोस्टेट कॅन्सर शोधणारे स्कॅन बघताना नाकामागे, घशाच्या वर, लाळग्रंथींची एक जोडी उजळलेली दिसली. ही नवी ग्रंथी की जुन्याच बारक्यांचा गट, यावर वाद झाला. मेंढीच्या मुंडीनंतर साडेतीनशे वर्षांनी माणसाच्या तोंडाजवळ अजून काय काय आहे याची मोजदाद चालूच आहे, हे मी काकूला सांगितलं. ती म्हणाली, “एवढे शिकलेले लोक, आणि नाकामागं बघायचं राहिलं होय.”

तर तात्यांना उत्तर काय द्यायचं? गेलेली लाळ परत आणणारं, भरवशाचं, पाथर्डीच्या माणसाला मिळेल असं अजून काही नाही. इतक्या कागदांतून जे सगळ्यात पक्कं निघालं ते आणण्याचं नव्हतंच, राखण्याचं होतं. आपल्याच जिल्ह्यात हिवरेबाजार या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि आहे ते पाणी जिरवलं, मुरवलं; आमच्या बाजूला आम्ही खोल खोल बोअर घेत राहिलो. ग्रंथीचंही असंच दिसतंय. जनुक, मूळपेशी हे पुढचं. आज ज्यांच्या तोंडात ओल आहे त्यांची ती कुणीतरी आराखड्याच्या कागदावर आधी रेघ मारून राखलेली असते.

हे मी तात्यांना सरळ सांगितलं. ते रागावले नाहीत. “मग आहे तेवढं सांभाळू,” म्हणाले. सांभाळायचं म्हणजे दात, कारण लाळ नसली की हिरडीलगत दात भराभर किडतात. फ्लोराइडची पेस्ट, घोट घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगम. मढीच्या यात्रेतून कुणी रेवडी आणून “चघळा, पाणी सुटेल” म्हटलं की काकू ती नातवंडांत वाटून टाकते. साखर सुक्या तोंडात दातांचा काळ होते.

आता दुकानात जनआरोग्याचे कागद घेऊन डोक्या-मानेच्या कॅन्सरचं कुणी आलं की मी फॉर्मबरोबर चार प्रश्न लिहून देते. शेक कोणत्या पद्धतीनं देणार? लाळग्रंथींतली कोणती वाचवता येईल, आणि तिला किती ग्रे जाईल? दात आधी तपासून घ्यायचे ना? कारण जे दात काढायचेच आहेत ते शेकाआधी काढावे लागतात. नंतर काढले तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. आणि आराखड्याचा तक्ता फायलीत मिळेल का? उत्तर “नाही वाचवता येणार” असंही येईल. गाठ ग्रंथीला लागून असेल तर तसंच यायला हवं, आधी जीव. पण हे विचारायचं ते शेकासाठी चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवतात त्या दिवसापर्यंत. आराखडा त्यानंतरच्या दिवसांत ठरतो.